कोडेक्स सिनायटिकसची वेबसाइट : धुळ्याच्या एका जुन्या जुळाऱ्याचा अभिप्राय

बायबलच्या हस्तलिखितांवर वाद घालायचा असेल तर आधी निदान एक हस्तलिखित डोळ्यांनी बघून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ती सोय आता घरबसल्या आहे, फुकट आहे, नाव-गाव-फोन नंबर काही मागत नाही. तरीही आपल्या खान्देशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मी ज्याला ज्याला विचारलं त्याला ती माहीत नव्हती. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

मी धुळ्याचा, देवपुरात राहतो. सगळी नोकरी छापखान्यात गेली. सुरुवातीला खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवले, ऑफसेट आल्यावर प्रुफं तपासली. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, शाळांची वार्षिकं, अहिराणी कवितांची पुस्तकं, सगळं हाताखालून गेलं. घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. त्यामुळे बायबल मी श्रद्धेनेही वाचतो आणि प्रूफवाल्याच्या नजरेनेही वाचतो, आणि या दोन्हींचं माझ्यात कधी भांडण झालेलं नाही.

भांडण होतं ते घरात. भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. नाताळला आला की जेवणं उरकल्यावर विषय निघतोच. "मामा, तुमच्या नव्या करारात चार लाख चुका आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?" समोर आमच्या मंडळीतले एक वडीलधारे बसलेले असतात, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते ठासून सांगतात, "दोन हजार वर्षांत काना-मात्रा बदललेली नाही." दोघंही हुशार, दोघंही मनापासून बोलणारे. पण जुन्या प्रतीचं एक पानसुद्धा दोघांपैकी कुणी बघितलेलं नव्हतं. तेव्हा मी मध्ये लॅपटॉप ठेवला आणि ही वेबसाइट उघडली.

वस्तू काय आहे ते आधी सांगतो. कोडेक्स सिनायटिकस म्हणजे चौथ्या शतकात चामड्याच्या पानांवर ग्रीकमध्ये हाताने लिहिलेलं बायबल. नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) पूर्ण असलेली याहून जुनी प्रत आज जगात नाही. जुन्या कराराचा बराच भाग मात्र हरवला आहे. पान साधारण ३८ सेंटिमीटर उंच, ३४.५ रुंद. पानावर चार रकाने, रकान्यात ४८ ओळी. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, सगळी मोठी अक्षरं एकाला एक लागून.

ही प्रत सिनाय पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरीन मठात होती. टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८४४ साली तिथून ४३ पानं लाइपझिगला नेली, आणि १८५९ साली तिचा मोठा भाग रशियाच्या झारसाठी नेला. परत देण्याच्या लेखी बोलीवर नेलेली ती पानं मठात परत आलीच नाहीत. १९३३ साली सोव्हिएत सरकारने ती एक लाख पौंडांना ब्रिटनला विकली. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे साध्यासुध्या लोकांनी वर्गणी देऊन उभे केले. पुढे १९७५ साली मठातच आणखी काही पानं आणि तुकडे सापडले. अशा रीतीने आज हा एक ग्रंथ चार ठिकाणी वाटला गेला आहे: लंडनला ३४७ पानं, बाकीची लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनायच्या मठात. या चौघांनी मिळून २००९ साली शिल्लक असलेली सगळी पानं एकाच वेबसाइटवर आणली. मठावरचा अन्याय त्याने भरून निघाला असं मी म्हणणार नाही. पण हा ग्रंथ एकसंध बघायला मिळेल अशी दुसरी जागा पृथ्वीवर नाही, हेही खरं आहे.

वापरायला सोपी आहे. पुस्तक, अध्याय, वचन निवडलं की पानाचा फोटो उघडतो आणि बाजूला तोच मजकूर टाइप केलेला येतो. टाइप केलेल्या शब्दावर क्लिक केलं की फोटोतला नेमका तोच शब्द उठून दिसतो. मी आयुष्यभर डावीकडे मूळ प्रत आणि उजवीकडे गॅली, म्हणजे जुळवलेल्या मजकुराचा कच्चा छाप, ठेवून बोट फिरवत आलो. इथे ते काम वेबसाइट करते. फोटो दोन प्रकारचे आहेत, एक सरळ उजेडातला, दुसरा बाजूने तिरका उजेड टाकून घेतलेला. तिरक्या उजेडात चामड्याच्या सुरकुत्या आणि लिहिण्याआधी आखलेल्या रेघांचे वळ स्पष्ट दिसतात.

ग्रीक येत नसेल तर काय, असं कुणीही विचारेल. मोठी २४ अक्षरं तक्त्यावरून ओळखायला शिका, तेवढ्यावर पुष्कळ भागतं. प्रेसमध्ये आम्ही भाषा न कळताही मजकूर जुळवत होतो. आकार ओळखता आला की हात चालतो. शेजारी ओळीखाली ओळ इंग्रजी दिलेला ग्रीक नवा करार ठेवला की हवं ते वचन सापडतं.

सुरुवात लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, दहाव्या अध्यायापासून करा, असं मी सगळ्यांना सांगतो. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. यरुशलेमहून यरीहोला निघालेला माणूस लुटारूंच्या तावडीत सापडतो आणि अर्धमेला होऊन पडतो. याजक येतो, त्याला बघतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. मग लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, येतो, बघतो, तोही दुसऱ्या बाजूने निघून जातो. मग शोमरोनी येतो आणि त्याला मदत करतो. या प्रतीत पहिल्या लेखनिकाने लेवी लिहिलाच नाही! ३१ आणि ३२ या दोन्ही वचनांचा शेवट एकाच ग्रीक क्रियापदाने होतो. लेखनिकाने ३१ संपवलं, मान वर करून मूळ प्रतीकडे बघितलं, नजर पडली ती ३२ च्या शेवटी असलेल्या त्याच शब्दावर, आणि त्याने थेट ३३ लिहायला घेतलं. अख्खं वचन गेलं. नंतर तपासणाऱ्याने ते भरून काढलं.

ही चूक मला पाठ आहे. जुळारी ओळ खातो तो नेहमी अशाच जागी. सोसायटीच्या अहवालात प्रत्येक ठरावाखाली 'असे सर्वानुमते ठरले' यायचं, आणि मधला एखादा ठराव हमखास गायब व्हायचा. कुणी तो मुद्दाम गाळलेला नसायचा. दोन ठरावांची शेपटं सारखी, डोळे थकलेले, एवढंच कारण. सोळाशे वर्षांपूर्वीचा तो लेखनिक आणि आमच्या प्रेसमधला जुळारी एकाच जागी घसरतात, हे त्या पानावर बघताना मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. आणि एक गोष्ट पक्की कळली. लेवी परत आला तो दुसऱ्या प्रती शिल्लक होत्या म्हणून. जगात एकच प्रत उरली असती तर तो कायमचा गेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

भाच्याचा चार लाखांचा आकडा इथेच उलगडतो. आकडा हवेतला नाही, अभ्यासकही पाठभेदांचा, म्हणजे प्रतीप्रतींतल्या फरकांचा, अंदाज त्याच्या आसपास देतात. पण तो मोजतात कसा? ग्रीक नव्या कराराचे शब्द सुमारे १,३८,०००. हाताने लिहिलेल्या ग्रीक प्रती, चिठोऱ्यांपासून पूर्ण ग्रंथांपर्यंत धरून, पाच हजारांच्या वर नोंदलेल्या आहेत. त्या सगळ्या एकमेकींशी ताडायच्या आणि जिथे वेगळं लिहिलंय ते टिपायचं, मग फरक ऱ्हस्व-दीर्घाचा का असेना. मी भाच्याला विचारलं, "एक पुस्तक दहा जणांनी उतरवलं तर किती चुका, आणि पाच हजारांनी उतरवलं तर किती?" तो क्षणभर थांबून म्हणाला, "चुका वाढणारच. पण मामा, मूळ शोधायला डेटाही वाढतो." मला हेच म्हणायचं होतं, आणि ते त्याच्याच तोंडून आलं याचा मला आनंद झाला.

पण तो गप्प बसणारा नाही. "ऱ्हस्व-दीर्घ सोडा. मोठे फरक दाखवा." मग आम्ही मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट उघडला.

हे पान अण्णांनी स्वतः बघावं असं मला वाटत होतं. मार्क अध्याय १६, वचन ८: बायका थरथर कापत येशूच्या कबरेपासून पळतात, भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. इथे मजकूर थांबतो. खाली नक्षीची रेघ, शुभवर्तमानाचं नाव, आणि रकान्याचा उरलेला भाग कोरा. पुढच्या रकान्याच्या माथ्यावर लूक सुरू. आपण वाचतो ती ९ ते २० वचनं या प्रतीत नाहीत. त्याच शतकातल्या व्हॅटिकन ग्रंथालयाच्या प्रतीतही नाहीत, तिथे मात्र लेखनिकाने एक रकाना रिकामा सोडलेला आहे. दुसऱ्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. नंतरच्या बहुतेक सगळ्या प्रतींत ही वचनं आहेत, आणि इरेनियस या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाने इसवी सन १८० च्या सुमाराला यातल्या एका वचनाचा दाखला दिलेला आहे. म्हणजे ती फार जुनी आहेत. मार्कच्या हातची आहेत का, हा प्रश्न आहे, आणि बहुतेक अभ्यासकांचं उत्तर 'नाही' असं आहे.

अण्णांनी चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं. "मग पुनरुत्थानाचं काय?" मी म्हटलं, "अण्णा, वचन सहा वाचा. तो उठला आहे, हे तिथेच लिहिलंय, आणि ते या प्रतीत जागेवर आहे. शिवाय पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र आहेच, पंधरावा अध्याय. ते शुभवर्तमानांच्याही आधीचं." त्यांनी मान डोलावली. पटलं असं म्हणाले नाहीत, पण 'हे सैतानाचं काम' असंही म्हणाले नाहीत.

या बारा वचनांबद्दल मी एवढा आग्रही का, त्याला आपल्या भागाचं कारण आहे. अठराव्या वचनात विश्वासणारे सर्प उचलतील, विष प्याले तरी बाधणार नाही, असं आहे. शिरपूर, शहादा, अक्कलकुवा या पट्ट्यात पावसाळ्यात नाग, घोणस, मण्यार निघतात. शेतात, अंगणात, झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात. दंश झालेल्याला प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात ताबडतोब हलवायचं असतं, तिथे घटका घटका मोलाची. अशा मुलखात या वचनावर उभं राहून 'दवाखाना नको, प्रार्थना पुरे' म्हणणारा उपदेश मी ऐकलेला आहे. उपदेश करणाऱ्याच्या हातातल्या बायबलात त्या जागी दोन ओळींची टीप असती, तर निदान ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याने हात वर केला असता. म्हणून तळटीप ही माझ्या लेखी पंडितांची हौस नाही. ती माणसाच्या जिवाशी येऊ शकते.

आता लूक २३:३४. वधस्तंभावरचं वाक्य: बापा, यांना क्षमा कर. काही जुन्या प्रतींत हे वाक्य नाही. सिनायटिकसच्या पहिल्या लेखनिकाने ते लिहिलेलं आहे. नंतर एका तपासणाऱ्याने ते काढावं अशा खुणा घातल्या. त्याच्यानंतरच्या एकाने त्या खुणा रद्द केल्या. वेबसाइटवर दुरुस्ती झालेल्या जागी पहिल्या हाताने काय लिहिलं आणि पुढच्या हाताने काय केलं ते वेगवेगळं दाखवलेलं आहे, त्यामुळे हा सगळा झगडा आपल्याला पावलोपावली बघता येतो. या ग्रंथात पानामागे सरासरी तीसेक दुरुस्त्या आहेत, आणि त्या शतकानुशतकं चालू होत्या. भाचा म्हणाला, "बघा, किती फिरवाफिरवी." मला त्यात उलटं दिसतं. फिरवाफिरवी लपवायची असती तर पान फाडून नवं लिहिलं असतं. इथे जुनं वाचता येईल असं ठेवून वर नवं लिहिलं आहे. दुरुस्ती केलेलं प्रूफ मी फायलीत का जपून ठेवायचो, तर उद्या वाद झाला की कोणी काय बदललं ते दाखवता यावं म्हणून.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही या प्रतीत नाही. योहान ७:५२ नंतर थेट ८:१२ येतं. माझ्या आईला ती गोष्ट सगळ्यात जवळची होती. मला विचाराल तर ती बायबलात राहावी, आणि सर्वांत जुन्या प्रतींत ती नाही हे खाली लिहिलेलं असावं. दोन्ही.

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरतो: नव्या आवृत्त्यांनी बायबलमधून वचनं काढून टाकली, मत्तय १७:२१ बघा, प्रेषितांची कृत्ये ८:३७ बघा. बघितलं तर खरंच, आकडा २० वरून २२ वर जातो. माणूस घाबरतो. पण वचनांना आकडे घातले ते रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने, १५५१ साली. आमच्याच धंद्यातला माणूस. त्याच्यासमोरचा ग्रीक मजकूर इरास्मस या डच पंडिताच्या परंपरेतला होता. इरास्मसने १५१६ साली ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या हाताशी मोजक्याच आणि बऱ्याच उशिराच्या प्रती होत्या. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या त्याच्याकडच्या प्रतीला शेवटचं पान नव्हतं, म्हणून शेवटची काही वचनं त्याने लॅटिनवरून पुन्हा ग्रीकमध्ये केली. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं, स्वर्गात साक्ष देणारे तिघे असलेलं वाक्य त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत नव्हतं. ओरड झाली, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते आलं. सिनायटिकसमध्ये ते नाही. १६११ चं प्रसिद्ध इंग्रजी बायबल याच छापील परंपरेवर उभं आहे.

विल्यम केरी या मिशनऱ्याच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीत मत्तयाचं शुभवर्तमान आलं ते १८०५ साली. तेव्हा सिनायटिकस अजून मठातच होता. म्हणून पुढच्या भाषांतरात एखादं वचन खाली टीपेत गेलं तर कुणी चोरी केली असं होत नाही. समोर जास्त जुन्या प्रती आल्या, एवढाच त्याचा अर्थ. भाषांतर कुठल्या ग्रीक मजकुरावरून केलं हे पहिल्या पानावर छापलेलं असेल तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

मराठी माणसाने तर या बाबतीत मागे राहायचं कारणच नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, त्याआधी काम पुरं केलं. आणि ते छापलं कुणी? मुक्ती मिशनमधल्या बायकांनी, स्वतः खिळे जुळवून. ज्याने खिळ्यांची केस हाताळली आहे त्यालाच कळेल की ही केवढी गोष्ट आहे. आणि आज माझ्या घरातल्या एका मराठी प्रतीत मार्कच्या शेवटाला नुसता चौकोनी कंस आहे, कशासाठी ते कुठेच नाही. दुसऱ्या एका प्रतीत एका ओळीत साधं सांगितलं आहे की सर्वांत जुन्या प्रतींत ही वचनं नाहीत. दुसरी प्रत मी तरुणांच्या हातात देतो.

आमचे एक शेजारी निवृत्त मराठीचे सर आहेत, हिंदू, माळकरी. वेबसाइट त्यांनाही दाखवली. आम्ही दोघं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात पोथ्या बघायला जात असतो. शंकर श्रीकृष्ण देवांनी जन्म घालवून जमवलेलं ते भांडार आहे, समर्थांच्या हातचं म्हणून ओळखलं जाणारं रामायण तिथे आहे. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ (पिवळा लेप) लावून वर नवं अक्षर लिहिलेलं असतं. सिनायटिकसच्या दुरुस्त्या बघून सर लगेच म्हणाले, "नाना, यात आम्हाला नवीन काय? नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती यासाठीच." १५८४ साली एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी आपली ओवी घुसडेल तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं, असं बजावलं. तरी इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथपूर्व पाठाची ओढ लागलीच, आणि त्यांनी १९०९ साली जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली. तेच राजवाडे शेवटी धुळ्यात राहिले, इथेच १९२६ साली गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही गावात आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या पाठशुद्धीचं काम १९१९ साली धरलं ते १९६६ साली संपवलं. सरांनी मग नेमका प्रश्न विचारला, "तुमच्यात नाथांसारखा एकच कुणी शुद्ध करणारा झाला का?" नाही झाला. वेस्टकॉट आणि हॉर्ट या इंग्रज अभ्यासकांनी ग्रीक नव्या कराराचं हे काम १८८१ साली केलं, जर्मनीच्या नेस्लेने १८९८ साली, त्याच नेस्लेच्या, आता नेस्ले-आलांड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, ग्रंथाची २८ वी आवृत्ती २०१२ साली आली. आणि प्रत्येक पानाच्या तळाला कुठली प्रत काय म्हणते ते बारीक टायपात दिलेलं असतं, म्हणजे संपादकाचा निर्णय वाचकाला अमान्य करता येतो. सरांना ही पद्धत पसंत पडली.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो, आणि अण्णांसमोर मान्य केला. मूळ लेखकांच्या हातचं एक पानही उरलेलं नाही. मँचेस्टरला योहानाच्या अठराव्या अध्यायाचा पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा) तुकडा आहे, जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच, बहुधा दुसऱ्या शतकातला. त्याच्या आधीच्या काळातल्या प्रती हाताशी नाहीत. सुरुवातीच्या त्या वर्षांत काय बदललं असेल ते हस्तलिखितं दाखवून सांगता येत नाही, अंदाज बांधावा लागतो. सिनायटिकसमध्ये प्रकटीकरणानंतर बर्णबाचं पत्र आणि हर्मासचा ग्रंथही आहे, आज आपल्या बायबलात नसलेली दोन पुस्तकं. नेमक्या आपल्या सत्तावीस पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते. हे सगळं मंडळीतल्या पोरांना आपण सांगितलं पाहिजे, घरच्या माणसाच्या तोंडून. बाहेरून कळलं की त्यांना वाटतं आपल्यापासून लपवलं. आणि पाठ किती शुद्ध उतरला हे हस्तलिखित सांगेल, पण येशू कोण हा प्रश्न त्याच्या आवाक्यातला नाही. तिथे माझं उत्तर ठरलेलं आहे, भाच्याचं अजून ठरायचं आहे.

जुन्या करारासाठी या वेबसाइटवर फार विसंबू नका, पानं कमी आणि तीही ग्रीक भाषांतराची. त्यासाठी इस्रायल म्युझियमने नेटवर ठेवलेली यशयाची गुंडाळी बघा. १९४७ साली मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडली, ७.३४ मीटर लांब, ख्रिस्ताच्याही आधीची. पूर्ण हिब्रू बायबलच्या हाती असलेल्या प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी. चाळिसाव्या अध्यायात 'गवत सुकते, फूल कोमेजते' हे सातव्या आणि आठव्या वचनात दोनदा येतं. लेखनिकाने पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारली असं दिसतं, आणि राहिलेला मजकूर दुसऱ्या हाताने ओळींच्या मध्ये आणि समासात उभा लिहिला आहे. जुन्या ग्रीक भाषांतरातही एवढाच भाग नाही, त्यामुळे ही चूक की जुना छोटा पाठ, यावर अभ्यासकांत वाद आहे. लूकच्या लेवीनंतर लगेच हे पान बघितलं तर फार मजा येते.

आता उणिवा. मराठी नाही, हिंदीही नाही. वेबसाइट इंग्रजी, जर्मन, ग्रीक आणि रशियन भाषांत आहे. भाषांतर निवडक भागांचंच दिलेलं आहे, त्यामुळे स्वतःचं बायबल शेजारी उघडं ठेवावंच लागतं. एखादी दुरुस्ती का झाली असावी याचं स्पष्टीकरण पानावर मिळत नाही, ते बाहेर वाचावं लागतं. मोबाइलवर बघू नका. चार रकान्यांचं पान त्या पडद्यावर मावत नाही, सारखं सरकवत बसावं लागतं आणि माणूस कंटाळून सोडून देतो. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी मंडळीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बघावं. पाळकसाहेबांना आधी विश्वासात घ्या, मार्कच्या पानावर कुजबुज होणार हे धरून चला.

पहिल्याच बैठकीत सगळं दाखवू नका. लूक १०, मग लूक २३, आणि मार्कचा शेवट तिसऱ्यांदा. त्या दिवशी पहिलं करिंथ पंधरा आधी वाचून घ्या. मराठी बायबल छापणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढीच विनंती: पुढच्या आवृत्तीत या पाच जागांना, म्हणजे मत्तय १७:२१, मार्क १६:९-२०, योहान ७:५३ ते ८:११, प्रेषितांची कृत्ये ८:३७ आणि पहिला योहान ५:७ ला, सोप्या मराठीत दोन-दोन ओळींची टीप द्या. प्रुफं तपासून द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत.